ओढणीखालचा हिरवा उजेड

दुष्काळाची वर्षं होती. फुलंब्रीहून औरंगाबादला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती रोज माझ्या शेजारी खिडकीशी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवरचा स्टीलचा डबा ती असा धरायची, जणू आत दही विरजलंय. एकदा उघडून दाखवला. आत काचेच्या पट्ट्या, आणि प्रत्येकीवर दुधाच्या सायीहून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा. प्रयोगशाळेत ती हेच बनवायची. पाण्यात युरेनियम असलं की पापुद्रा ते धरून ठेवतो आणि जांभळ्या उजेडात हिरवा चमकतो, म्हणाली. "बोअर लई खोल चाललेत, खालच्या खडकातलं ते पाण्यात उतरतं. तुमच्या घरचं पाणी आणा."

आईनं बाटली भरून दिली, ती मी नेली. तिनं झाकणात पाणी ओतून पट्टी बुडवली, ओढणीखाली अंधार केला आणि जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी लावली. काहीच दिसलं नाही. तिनं बाटलीतला थेंब जिभेला लावला आणि हसली. "हे बोअरचं नाय. इकतच्या जारचं हाय."

आईचं काम! परक्या बाईला मचूळ पाणी कसं द्यायचं? आमच्याकडं पाहुण्यांना जारचं आणि घरच्यांना, माझ्या रांगत्या पोरीलासुद्धा, बोअरचं.

दुसऱ्या दिवशी बाटली मीच भरली. ओढणीच्या अंधारात पट्टी हळूहळू काजव्यासारखी हिरवी उजळली. बाहेरचे टँकर, नव्या इमारती, सगळं कुठंतरी लांब गेलं.

"किती सुंदर!" मी म्हणालो. त्या शब्दांची लाज अजून गेलेली नाही.

 बॅटरी विझवून तिनं हळूच विचारलं, "घरात लहान कोण हाय?"