दोन सरळ जमिनी
परवा दुकानात कुणीतरी पत्त्यांचं नवं पाकीट फोडलं आणि त्या शाईच्या वासासरशी मला सिडकोतली आमची गॅलरी आठवली. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, चटईवर मंत्रांनी लढायच्या खेळाचे पत्ते आणि समोर दादा. दुसऱ्या दिवशी तो नोकरीसाठी कॅनडाला निघणार होता. “प्रत्येक मंत्राची किंमत कोपऱ्यात छापलेली असते,” द्राक्षं खात तो समजावत होता. “तेवढे जमिनीचे पत्ते आडवे केले की मंत्र टाकता येतो. आडवी केलेली जमीन त्या पाळीत पुन्हा चालत नाही.” मी माझ्या सगळ्या जमिनी आडव्या करून ड्रॅगनचा पत्ता उतरवला आणि शेवटी जिंकले. पत्ते गोळा करताना त्याच्या हातात ड्रॅगनला अडवणारा मंत्र दिसला. किंमत दोन जमिनी, आणि त्याच्यापुढे दोन जमिनी तेव्हा सरळच होत्या. “दादा, मुद्दाम हरलास ना?” “म्हणजे कळला तुला खेळ,” तो हसला. मी रुसून आत गेले. तो सामान भरायला लागला आणि दुसरा डाव राहूनच गेला. आता आम्ही फोनवर बोलतो, तेही घाईघाईत. त्याने एकदा समोर बसावं आणि मला अगदी मनापासून हरवावं, असं फार वाटतं.