सोयाबीनचं मेण आणि पोंभुर्ण्याचं ऊन

ग्रुपवरच्या साऱ्या बायांनो, आज मी जिंकली!

माझ्या सुनेनं घरी मेणबत्त्या करायला ऑनलाइन मेण मागवलं. सोयाबीनचं, गुलाबाच्या वासाचं. मी म्हटलं, "पोरी, आपल्या पोंभुर्ण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात हे टिकणार नाई." ती हसली, "आई, तुमचा जमाना गेला."

माझा जमाना म्हणजे पन्नासचं दशक. तेव्हा माझी माय जंगलातल्या मोहोळाचं रिकामं पोळं पाण्यात उकळायची आणि फडक्यातून गाळायची. पाणी थंड झालं की मेण वर जमायचं. ते पुन्हा वितळवून, मधोमध सुताची वात धरून, ती बांबूच्या पोंगळीत, म्हणजे पोकळ नळीत, ओतायची. गोठलं की पोंगळी चिरायची. परवा मीही तशीच एक बत्ती केली.

आज सकाळी दोघींच्या बत्त्या टिनाच्या छपरीत शेजारी-शेजारी उभ्या केल्या. दुपारी पाहते तर माझी बांबूसारखी ताठ, आणि तिची पार कमरेतून वाकलेली!

मी तोंड उघडायच्या आत सूनच म्हणाली, "पाहा आई, माही बत्ती तुमच्या पाया पडून राह्यली."

आता तुम्हीच सांगा बायांनो, आशीर्वाद कोणाले देऊ? सुनेले का बत्तीले?