रोज एकाने वाढणारा आकडा

मुनीरशेठचा संशयी स्वभाव सारी गल्ली ओळखून होती. नव्या कपड्याचा नमुना ते दलालालासुद्धा मुठीत धरून दाखवत. असा माणूस २००१ साली वेबसाइट काढतोय म्हटल्यावर भिवंडीतले बाकीचे लूमवाले हसले. पण इंटरनेट नवं होतं, आणि त्यावर दुबईचे व्यापारी भेटतात असं कुणीतरी शेठच्या डोक्यात भरवलं होतं.

वेबसाइट म्हणजे एकच पान. कारखान्याचं नाव, फोन नंबर, चार नमुन्यांचे फोटो आणि तळाशी, पान किती वेळा उघडलं गेलं ते सांगणारा आकडा. तेव्हा तशी फॅशनच होती. शेठ रोज सकाळी कल्याण नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन तो बघत. काल एकेचाळीस, आज बेचाळीस. फोन मात्र एकही नाही. व्यापारी असता तर बोलला असता. हा रोज गुपचूप येणारा नमुने चोरणाराच.

शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून शेठही घरीच असत. शनिवारी पाहावं तर दोन दिवसांत आकडा एकानेच पुढे. म्हणजे चोरही शुक्रवारची सुट्टी पाळतो. म्हणजे लूमवालाच. आणि फोटो टाकल्याचं त्यांनी सांगितलं होतं फक्त मुदस्सिरला, शेजारच्या कारखान्याच्या मालकाला, पंचवीस वर्षांच्या दोस्ताला. एवढी अक्कल शेठनी धंद्यात लावली असती तर बरं झालं असतं.

"मी कॉम्प्युटरला हात पण लावलेला नाय, मुनीर," मुदस्सिर म्हणाला. "खुदा की कसम."

शेठना ते नाटक वाटलं. दोन्ही कारखान्यांमधलं दार त्यांनी विटांनी बुजवलं. त्यानंतर इतक्या वर्षांत ईदलासुद्धा गळाभेट नाही.

गेल्या महिन्यात सून आफरीन कारखान्याची नवी वेबसाइट करायला बसली, तेव्हा शेठनी बजावलं, "आकडा ठेव. चोर कळतो." आणि सगळी हकीकत सांगितली.

"अब्बा, तुम्ही रोज बघायला जायचात?"

"रोज. शुक्रवार सोडून."

"मग तो वाढायचा तुमच्यामुळेच. पान कोणी पण उघडलं की मोजतो तो. मालकाने उघडलं तरी."

शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक ते मुदस्सिरच्या घरी गेले. त्याने लूम कधीच विकले होते. खिडकीशी पेपर वाचत बसला होता. शेठनी सगळं सांगितलं, माफी मागितली. आता तो हसेल, निदान शिवी तरी घालेल, असं त्यांना वाटलं.

मुदस्सिरने पेपराची घडी घातली.

"सुनेने एकदा सांगितलं नि तुला पटलं," तो म्हणाला. "मी तर कसम खाल्ली होती."