वानखडे सरांचा न भाजलेला तुकडा

मी एका माणसाची तीन वर्षं एका सकाळीत भाजून टाकली आणि वर शाबासकी मिळेल म्हणून पदर सारखा करून बांधावर बसून राहिले. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. जुनी अकरावी पास, दोन सुनांची सासू, आणि अख्ख्या भरे गावात आपल्याइतकं कोणाला काही कळत नाही अशी पक्की खात्री. ती बाई आज मला भेटली तर मी आधी तिच्या हातातली काडेपेटी काढून घेईन, मग बोलेन.

त्या माणसाचं नाव वानखडे सर. मातीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. मूळचे अकोल्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. पिरंगुटला दोन खोल्या भाड्याने घेऊन बायकोबरोबर राहायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी रीतीप्रमाणे पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी खिशातून आमच्याच शेतातलं एक ढेकूळ काढलं आणि अलगद त्या पाण्यात सोडलं. घरातली सगळी एकमेकांकडे बघायला लागली. ढेकूळ क्षणात विरघळलं, ग्लासात नुसता गाळ उरला. सर उठले, बांधावरच्या गवताखालचं दुसरं ढेकूळ घेऊन आले आणि दुसरा ग्लास मागितला. चहा झाला, पिऊन झाला, तरी ते ढेकूळ पाण्यात जसंच्या तसं बसलेलं.

"पाहा मावशी," सर म्हणाले, "हे दोघं सख्खे भाऊ. एकाच्या अंगात जीव हाये, एकाचा गेला."

"सर, ते पानी प्यायला दिलं व्हतं."

"हो जी, आता तेबी द्या."

त्यांना आमच्या राबाचा अभ्यास करायचा होता. भाताचं रोप जिथे टाकायचं, त्या पट्टीवर आम्ही शेण, झाडाच्या तोडलेल्या पाल्याच्या फांद्या म्हणजे कवळं, वाळक्या पानांचा पातेरा, गवत असे थर रचतो, वर बारीक माती पसरतो आणि उन्हाळ्यात ते सगळं भाजतो. याला राब म्हणतात. तण मरतं, रोप हलक्या हाताने उपटून येतं. माझ्या सासूने केलं, तिच्या सासूने केलं. शहरातून येणारा प्रत्येक शहाणा आम्हाला सांगायचा, जाळता कशाला, अडाणी कुठले. सर कधी तसं बोलले नाहीत. म्हणायचे, "तुमच्या आज्या येड्या नव्हत्या. त्याईनं काईतरी पाहूनच हे धरलं असन. आपन फक्त मातीले इचारू, तुले काय वाटते म्हनून." दर वर्षी भाजून मातीच्या आतलं काय जातं, आणि भाजणं थांबवलं तर ते परत यायला किती वर्षं लागतात, हे त्यांना आमच्या शेतात, आमच्या पावसात बघायचं होतं. त्यासाठी पट्टीचे दोन तुकडे केले. एक नेहमीसारखा भाजायचा, दुसऱ्यात कुजलेलं खत मिसळायचं आणि पाच वर्षं त्याला जाळ दाखवायचा नाही.

हे सगळं सरांनी आमच्या मालकांना समजावून सांगितलं. ओसरीवर बसून, तासभर. मालकांनी मान डोलवली. मी आत भाकऱ्या थापत होते. मला एवढंच दिसायचं, की दर वर्षी वैशाखात सर स्वतः येतात, घमेल्याने खत टाकतात आणि तो तुकडा तसाच ठेवतात. मी जावेला म्हणायचे, "जाळाला भितंय गं ते. शिकल्यालं मानूस."

चौथ्या वर्षी वैशाख आला आणि सर आले नाहीत. वडील अत्यवस्थ म्हणून गावी गेले होते. इकडे सगळ्यांचे राब भाजून काळे झालेले, आमचा एकच तुकडा भुरा. आमच्या भागात आता जागेचा राब झाला नाही की लोक एकच अर्थ काढतात. भुकूमचा एक जमिनीचा एजंट गाडी थांबवून विचारून गेला, "मावशी, ह्यो तुकडा द्यायचा हाय का? राब न्हाई दिसला म्हनून इचारलं." जाऊ पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाली, "काय गं, पलाट पाडताय व्हय? आमाला बी सांगा, बंगल्यात भांडी घासायला येऊ."

झालं. माझं डोकं फिरलं. त्यात सरांचे वडील गेल्याचं कळलं. म्हटलं, बिचाऱ्याच्या घरी असं झालंय, त्याचं काम कशाला राहावं? तो जाळाला भितो, तर आपणच भाजून द्यावं. कवळं तोडली, थर रचले, वाऱ्याच्या उलट्या बाजूने काडी लावली. इतका सुबक राब मी आयुष्यात भाजला नव्हता. मालक आठवडाभर कामासाठी पौडला गेले होते. सांगायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं.

चार दिवसांनी सर आले. डोक्याचे केस काढलेले. बांधावर चपला काढून ते नेहमीप्रमाणे अनवाणी खाली उतरले आणि तिथेच थांबले.

"कोनी केलं जी हे?"

"कोन करनार? मीच की! तुमच्या घरात आसं झालं, म्हनलं त्यांचं राहून जाया नगं."

ते खाली बसले. राखेत हात घातला. एकेक कोपरा चाचपून पाहिला. मग म्हणाले, "सारखं भाजलं, मावशी. एकबी कोपरा कच्चा नाही राह्यला."

आणि मी, जुनी अकरावी पास, ती शाबासकी समजले. घरात जाऊन चहात गूळ जास्त टाकला.

संध्याकाळी मालकांनी पौडहून परतल्यावर बघितलं आणि डोक्याला हात लावला. मग मला कळलं. मी आधी रडले नाही, आधी भांडले. "मला का न्हाई सांगितलं?" तर म्हणतात, "तू कदी इचारलंस?" त्या नवरा-बायकोच्या भांडणाला आज इतकी वर्षं झाली, अजून निकाल लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने पिरंगुटला गेले. सरांची बायको सुनंदा दाराशी तांदूळ निवडत होती, तिने मला आत बसवलं. मी रात्रभर जागून काढलेली युक्ती सरांपुढे मांडली. "सर, मी कुनाला बोलनार न्हाई. हे बी न्हाईत बोलनार. तुमी लिवा, भाजलं न्हाई म्हनून. कुनाला कळतंय?"

सर रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "मावशी, म्या खोटं लिवलं त कोनी नाही पकडनार. पन कोनी एखादी बाई तुमच्यासारखीच, तो कागद खरा मानून आपला राब सोडीन. रोप नाही आलं तिचं, त मंग त्या वर्षी तिच्या घरी खातीन काय?"

मग त्यांनी लिहिलेला कागद काढून वाचून दाखवला. 'चौथ्या वर्षी तुकडा भाजला गेला. जमीन कसणाऱ्या स्त्रीला प्रयोगाची माहिती संशोधकाने दिलेली नव्हती.' माझ्या नावाचा उल्लेखही नाही. "चूक माही हाये," म्हणाले. "राब बाया करतेत, अन् मी बाप्यांले सांगत बसलो."

त्या कागदाची किंमत सरांनी मोजली. प्रयोग अर्धवट म्हणून बंद झाला, त्यांना मिळणारी वरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मला वाटलं, संपलं. पण पाऊस उघडल्यावर एका रविवारी मोटरसायकलचा आवाज आला. सर स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या पेट्रोलने आले होते. या वेळी ओसरीवर बसले नाहीत. आळीतल्या सगळ्या बायकांना गोठ्यासमोर बोलावलं आणि आधी आम्हाला सांगितलं. शेतात काय करायचं हे आम्हाला सगळेच सांगत आले होते. का करायचं, हे सांगणारा पहिला माणूस तो. जावेने विचारलं, "म्हंजे परत पह्यल्यापासून? पाच वर्सं?" सर म्हणाले, "घाई कोनाले हाये? मातीले त नाही."

मला त्यांनी एक वही दिली. तण किती, रोप कधी वर आलं, उपटताना किती तुटलं, सगळं लिहायचं. मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं, 'तण अंदाजे चार टोपल्या.' सरांनी बोट ठेवलं. "अंदाजे म्हनजे किती? मोजा. साडेतीन भरल्या त साडेतीन लिवा." मला राग आला होता. हळूहळू सवय लागली, आणि मग तर खोडच लागली. सुनेने "थोडं मीठ टाकलंय" म्हटलं तरी मी विचारायचे, थोडं म्हणजे किती. सुना सरांना मनातून शिव्या देत असतील.

चार वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी लावणीच्या वेळी सर बांधावरच बसून राहिले, खाचरात उतरले नाहीत. चेहरा ओढलेला. दिवाळीनंतर कळलं, दुखणं पोटातलं आहे आणि फार पुढे गेलंय.

मी दवाखान्यात भेटायला गेले. हाताला सुई, आवाज खोल गेलेला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. पहिला प्रश्न, "मावशी, यंदा रोप उपटताना किती तुटलं?" न भाजलेल्या तुकड्यातलं रोप घट्ट बसतं, उपटताना तुटतं, आणि बायका त्यावर कावतात, हीच त्या प्रयोगाची मोठी अडचण होती. माझ्या जिभेवर आलं होतं, एकबी न्हाई तुटलं, सर. मरणाऱ्या माणसाला एवढं द्यायला काय जातं? पण त्या माणसाकडे बघून खोटं बोलवेना. म्हटलं, "धा मुठींमागं तीन."

त्यांनी डोळे मिटले. "तीन," म्हणाले. "पैल्या वर्षी सहा होत्या." आणि हसले. माझ्या राबाला दिलेली शाबासकी कसली होती ते मला त्या दिवशी नीट कळलं, कारण खरी कशी असते ते समोर दिसत होतं.

थंडीतच ते गेले. अकोल्याला नेलं. मला जाता आलं नाही.

वैशाखात सुनंदा खोल्या रिकाम्या करायला आली, तेव्हा सरांची माती काढायची सळई आमच्या गोठ्यात राहिली होती ती न्यायला भरेला आली. दोघी शेतावर गेलो. भोवती सगळे राब काळे, मधे तो एक तुकडा भुरा. सळई हातात घेऊन ती त्याच्या कडेला उभी राहिली. मला राहवलं नाही. पाच वर्षं गिळलेलं बोलून टाकलं, "सुनंदा, तवा मी ते भाजलं नसतं, तर सरांनी पाचवं वर्स डोळ्यांनी बघितलं असतं गं."

मला वाटलं, ती म्हणेल, असं मनाला लावून घेऊ नका, जे व्हायचं ते होतं. सगळे तसंच म्हणतात. तिने माझ्याकडे बघितलं. मग सळई माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

"हो मावशी, पाह्यलं असतं. नाही म्हनून मी तुमाले खोटं काऊन सांगू? आता पाचवं वर्स आलं हाये, अन् पाहाले तुमीच पायजे. रोप उपटाल त्या दिवशी मले फोन करजा."