वाजणारी खिडकी

शिरूर-कारेगाव गाडीत बायकांची राखीव जागा मोकळी असली तरी आमच्याबरोबर रोज येणारी ती इंजिनियर पोरगी मागच्या चाकावरच्या बाकावर बसायची. तिथं आपटून हाडं खिळखिळी होतात म्हणून आम्ही कंपनीवाले पुढं पळायचो. ती मात्र सगळ्यांत जास्त वाजणारी खिडकी शोधायची आणि काडेपेटीएवढी एक डबी रबरानं चौकटीला बांधायची. गाडीच्या थरथरीतून डबीत वीज साठायची, मग बारका दिवा लुकलुकायचा आणि तिच्या मांडीवरच्या यंत्रावर बाहेरच्या तापमानाचा आकडा उमटायचा. डबीला ना सेल, ना तार.

एकदा कंडक्टर म्हणाले, "ताई, सेल बसवा की त्यात. तुमचे सायबबी तेच म्हणत असतील."

"म्हणतात की. पण मामा, सेल संपला की बदलायला माणूस लागतो. माझी डबी कुणाची वाट बघणार न्हाई."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

पुढं एकदा या फेरीला नवी कोरी गाडी आली. आम्ही खुशीत चढलो. तिनं खिडकीच्या काचेवर तळवा टेकवून पाहिला आणि सरळ खाली उतरली.

"ही वाजत न्हाई," एवढंच कंडक्टरला सांगून ती मागून येणाऱ्या जुन्या खटाऱ्याची वाट बघत उन्हात उभी राहिली.