उठवणारीची सुट्टी

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, ‘खेळून पाहिलंत तर कृपया कळवा. चांगलं-वाईट दोन्ही चालेल.’ ते ‘दोन्ही चालेल’ टाइप करताना मी जरा थांबले होते. वाईट खरंच चालेल का, याची मला खात्री नव्हती.

पुस्तक तसं लहानच. रोलप्लेइंग गेमसाठीची तयार पात्रं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना मी असं सांगते: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार गोष्ट सांगतो, मध्येच थांबून ‘आता काय करता?’ विचारतो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. मी हा खेळ कॉलेजात शिकले. तिथली पात्रं म्हणजे तलवारवाले, जादूगार आणि राजपुत्र. खेळायला मजा यायची, पण राजपुत्रासारखं बोलायची वेळ आली की मी गप्प व्हायचे. म्हणून मी माझीच पात्रं लिहायला लागले. चाकणच्या कांदा बाजारातला हमाल, जो समोरचा खोटं बोलतोय हे वासावरून ओळखतो. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, ज्याची बस कुठल्याही धुक्यातून आणि कुठल्याही शापातून वेळेवर पोहोचते. क्रेन चालवणारी मुलगी, जी टेकडी उचलून बाजूला ठेवते, पण नंतर तिला इतकी भूक लागते की सोबतच्यांचे डबेही पुरत नाहीत.

चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात मी ते छापून घेतलं. दुकानदारानं विचारलं, “कॉलेजचा प्रोजेक्ट आहे का?” मी ‘हो’ म्हणाले. पुस्तक आहे असं सांगायचा धीर झाला नाही.

यातल्या एका पात्राबद्दल आधी सांगायला हवं. तिचं नाव उठवणारी. तिच्याजवळ हत्यार नाही, ताकद कमी, पळताही फारसं येत नाही. तिची शक्ती एकच: झोपलेला, बेशुद्ध पडलेला किंवा मंत्रानं गाढ निजवलेला माणूस तिच्या हाकेनं उठतो.

ती कुठून आली हे मला माहीत होतं. आम्ही मोशीला राहतो. पप्पा चाकणला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर आहेत. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि आमच्या घराचं घड्याळही तिच्याबरोबर फिरतं. त्यांना आई उठवते. शेजारच्या खोलीत कॉट बेसिसवर, एकेक खाट भाड्यानं घेऊन राहणारी मुलं आहेत, आमच्यासारखीच मराठवाड्यातून आलेली. तीही जाता-येता दारातून सांगून जातात, “काकू, उद्या फर्स्ट आहे बरं का.” फर्स्ट म्हणजे पहाटेची शिफ्ट, म्हणजे त्यांनाही उठवायचं. मोबाइलचा अलार्म ती झोपेतच बंद करतात. आईनं मधल्या भिंतीवर लाटणं आपटलं की मात्र उठतात. पप्पांना लाटणं लागत नाही. त्यांच्या अंगावरची चादर ती नुसती पायाकडून ओढते. कुणाला कसं उठवायचं हे तिला कधी कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

पुस्तक बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस ‘मस्त’, ‘भारी’, ‘कव्हर आवडलं’ असे निरोप आले. ते मैत्रिणींचे होते आणि त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं. मग कोल्हापूरच्या एका वाचकाचा मोठा मेसेज आला. ओळख ना पाळख, आणि तो ते खरोखर मित्रांबरोबर खेळला होता. मी कॉलेजच्या जिन्यात उभं राहून तो वाचला.

‘ताई, पात्रं एक नंबर आहेत. पण एक कोडं सुटंना. सगळ्यांच्या पानावर “सुट्टी: गुरुवार” लिहिलंय आणि त्या दिवशी शक्ती चालत नाही. आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, म्हणून ही सगळी दत्तभक्त आहेत आणि उपवास करतात. दुसरी म्हणते कुणीतरी गुरुवारी शाप दिलाय आणि ती गोष्ट पुढच्या भागात येणार आहे. खरं काय?’

मला प्रश्नच कळेना. गुरुवारी सुट्टी असते म्हणून लिहिलं होतं. शाळा, बँका, आयटीवाले यांना रविवार आणि कारखान्यांना गुरुवार, असं मी लहानपणापासून बघत आलेय. गुरुवारी आमच्या गल्लीत पुरुष दिसतात, गाड्या धुतल्या जातात, आणि सुट्टी असूनही मटण करता येत नाही म्हणून पप्पा कुरकुरतात. सगळ्या जगातले कारखाने गुरुवारीच बंद असतात, असं मी धरून चालले होते. म्हणजे धरून चालले होते असंही नाही. तसा विचारच कधी केला नव्हता.

घरी येऊन पप्पांना विचारलं. ते हसायला लागले.

“लाइटीमुळं झालंय ते, पूर्वीपासूनचं. सगळ्यांनी एकाच दिवशी मशिनी चालवल्या तर लाइट पुरायची न्हाई. म्हणून ज्या त्या भागाला आपापला वार. आपल्याला गुरुवार आला.”

“म्हणजे कोल्हापूरला दुसरा वार असेल?”

“असंल की. त्यांना काय आपला गुरुवार देतील का?”

कोल्हापूरच्या मेसेजमध्ये शेवटी आणखी दोन ओळी होत्या. ‘एक पान छपाईत चुकलंय बहुतेक. उठवणारीच्या सुट्टीपुढं नुसती रेघ आहे. आणि खरं सांगू का, ते पात्र काढलं तरी चालेल. आमच्यात कुणी घेईना तिला.’

गुरुवारचं मी त्याला समजावून लिहिलं. उठवणारीबद्दल मात्र लिहिलं, ‘हो, चुकून राहिलं असेल. पुढच्या छपाईत बघते.’ पाठवल्यावर मला बरं वाटलं नाही. ती रेघ मीच मारली होती, इतर पात्रांची सुट्टी लिहिता लिहिता तिच्या पानापाशी आल्यावर. का मारली ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण ती चुकून पडलेली नव्हती. प्रतीही संपत आल्या होत्या आणि दुकानदार विचारत होता की तीच फाइल छापू की बदल आहेत. म्हणजे उठवणारीला ठेवायचं की काढायचं हे मला ठरवायचं होतं, आणि मला ठरवता येईना. वाचक म्हणतोय काढा. वाचकाला विचारायचं आणि मग त्याचं ऐकायचं नाही, हे मला उद्धटपणाचं वाटत होतं.

त्याच सुमारास चिंचवडच्या एका ग्रुपनं मला बोलावलं. दर रविवारी दुपारी ते एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये खेळतात. सूत्रधार एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवणारा. त्यानं फोनवर सांगितलं, “तुमच्याच पुस्तकातली पात्रं घेतोय. तुम्ही फक्त बसा. खेळायलाच पाहिजे असं नाही.” मी गेले. कोपऱ्यातली खुर्ची घेतली आणि दिलेला चहा बराच वेळ हातात धरून बसले.

चौघे खेळायला होते. हमाल, ड्रायव्हर आणि क्रेनवाली लगेच उचलले गेले. चौथा खेळाडू माण गावातल्या आयटी पार्कमध्ये काम करणारा. तो उशिरा आला.

“काय उरलंय?”

“उठवणारी,” सूत्रधार म्हणाला.

“हत्यार?”

“नाही.”

“ताकद?”

“दोन.”

“अरे राव! दोन तर आमच्या वॉचमनच्या मांजराची असेल.”

सगळे हसले. मीही हसले आणि चहा सांडला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “सॉरी हां लेखिका बाई, पर्सनली घेऊ नका.” मी ‘नाही नाही’ म्हणाले. मनात मात्र म्हटलं, झालं, निकाल लागला. उद्या फाइल बदलायची आणि पान काढून टाकायचं.

खेळ सुरू झाला. गोष्ट अशी होती की एक राक्षस सगळ्या एमआयडीसीला झोपवून टाकणार आहे, मग मशिनी त्याच्या ताब्यात जाणार. तासभर हे चौघे त्याचा माग काढत फिरले. हमालानं दोन फितूर वासावरून पकडले. क्रेनवालीनं एक पूल उचलला आणि मग तिच्या खेळाडूनं खरोखरच सगळ्यांचे वेफर्स संपवले. उठवणारी मागून चालत होती. तिचा खेळाडू मधूनमधून मोबाइल बघत होता.

मग सूत्रधार पुढे वाकला. “राक्षस मूर्ख नाही. त्यानं वाट पाहिली. आज गुरुवार आहे.”

“चीटिंग!” क्रेनवाली ओरडली.

“चीटिंग कसली? पुस्तकात आहे. तुमची शक्ती बंद. चाकणपासून भोसरीपर्यंत माणसं उभ्या उभ्या झोपायला लागलीत. शक्ती नाही म्हणून तुम्हीही आडवे झालात. संपलं.”

ड्रायव्हर आणि हमाल आपापली पानं उलटसुलट बघायला लागले. मोबाइलवाल्यानं मोबाइल खाली ठेवला आणि पहिल्यांदाच आपलं पान नीट वाचलं.

“थांब, थांब. हिला सुट्टीच नाहीये.”

“काय?”

“बघ ना. सगळ्यांना गुरुवार आहे. हिच्यापुढे रेघ.”

“ती प्रिंटिंगची चूक असेल रे.”

“विचार की मग. त्या बसल्यात ना इथे.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सूत्रधारानं विचारलं, “ताई, चूक आहे का ही?”

मी कोल्हापूरला हो म्हणून बसले होते. इथेही हो म्हटलं असतं तर खेळ संपला असता आणि सगळे घरी गेले असते. त्या क्षणी मला आमचा गुरुवार दिसला. पप्पा उशिरापर्यंत झोपलेले, शेजारची मुलं झोपलेली, आणि स्वयंपाकघरात रोजच्या वेळेलाच कुकर लागलेला. बाकीच्यांचा वार लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पप्पा आणि त्यांच्या शिफ्टमधले लोक होते. तिच्या पानावर आले तेव्हा लिहायला वारच नव्हता.

“चूक नाही,” मी म्हणाले. आवाज बारीक आला म्हणून पुन्हा सांगितलं, “तिला सुट्टी नसते.”

“म्हणजे गुरुवारी फक्त हीच चालू?” सूत्रधार डोकं धरून हसायला लागला. “माझा राक्षस वाया गेला ना राव!”

माणवाल्यानं बाह्या वर केल्या. “पहिली हाक. आधी कुणाला उठवू? हमालाला?”

“मला! मी टेकडी फेकते त्याच्या अंगावर,” क्रेनवाली म्हणाली. “गुरुवारी टेकडी नाही,” सूत्रधार म्हणाला.

“आधी ज्याची बस आहे त्याला,” मी बोलून गेले. मी बोलायचं ठरलं नव्हतं. पण आमच्याकडे क्रम तसाच असतो: ज्याची कंपनीची बस आधी, त्याला आई आधी उठवते. सगळ्यांनी थोडा विचार केला. ड्रायव्हर उठला तर बाकीच्यांना गाडीत घालून नेता येईल, हे त्यांना पटलं. फासे पडले. ड्रायव्हर उठला. पुढे एमआयडीसीतल्या एकेकाला उठवत राक्षसाला हरवायला संध्याकाळ झाली, आणि मोबाइल एकदाही कुणी हातात घेतला नाही. निघताना माणवाला म्हणाला, “पुढच्या वेळी हीच माझी. कुणी हात लावायचा नाही.”

घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. पुस्तक तिनं पूर्वी हातात घेऊन बघितलं होतं, पण त्यातलं एक पात्र तिच्यावरून आहे हे मी तेव्हा बोलले नव्हते. लाजच वाटत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे सगळे आडवे, आणि ही एकटी उभी?”

“हो. म्हणून तर जिंकले.”

“मग जिंकल्यावर हिला काय मिळालं?”

खेळात तसं काही ठेवलंच नव्हतं.

“एखादा दिवस दे की गं तिलाबी,” आई म्हणाली.

“गुरुवार दे,” पप्पा पलंगावरून म्हणाले. “आपल्याबरोबर.”

“गुरुवारी तुम्ही दिवसभर घरात बसायलात अन् चहा मागायलात. ती कसली सुट्टी? तिला असा दिवस दे की घरात कुणीच नसंल.”

पप्पा म्हणाले, “घ्या! म्हणजे आम्हीच राक्षस.” आईनं मेथीची काडी त्यांच्या दिशेनं फेकली.

नव्या छपाईत उठवणारी आहे. रेघेच्या जागी मी लिहिलं, ‘सुट्टी: घरात कुणी नसेल तो दिवस.’ कोल्हापूरच्या वाचकालाही कळवलं की ती चूक नव्हती, मीच घाईनं हो म्हणाले होते. त्याचं उत्तर आलं, ‘असं होय! मग राहू दे. पुढच्या डावात मी घेऊन बघतो तिला.’ चिंचवडच्या सूत्रधाराला नवी ओळ पसंत नाही. तो म्हणतो, असा दिवस गोष्टीत आणायचा कसा, चार पात्रं सतत सोबत असतात. मी म्हटलं, मलाही अजून माहीत नाही, तुम्हीच आणून बघा आणि कळवा.

परवा पप्पा फर्स्टला गेले होते, शेजारची मुलंही. माझं लेक्चर रद्द झालं म्हणून मी दुपारीच परत आले. दार वाजवलं तर आई उघडेना. मी काळजीत पडले, जोरात हाक मारली. बऱ्याच वेळानं कडी निघाली. गालावर उशीची घडी उमटलेली, केस सुटलेले.

“किती वाजले?” तिनं विचारलं.

“तीन.”

“तीन?” ती दारातच उभी राहिली. “कुणी उठवलंच नाही की गं मला.”

मी चप्पल काढली आणि चहा ठेवायला आत गेले.