छताला घातलेले ग्लोव्हज

खंडाळ्याला आमचा दवाखाना आहे, तीन मजली. मी तिथं इन्चार्ज सिस्टर. घोरावाडीहून लोकलनं लोणावळ्याला येते आणि पुढं रिक्षा करते. पावसाळ्यात दरीतून धुकं वर येतं आणि खिडकी उघडी असेल तर सरळ वॉर्डात शिरतं, याचं मला आता काहीच वाटत नाही. नव्यानं लागलेल्या पोरी त्याचे फोटो काढतात. चार दिवसांत चादरी वाळेनाशा झाल्या की त्याही शिव्या घालायला लागतात.

मध्ये कुठल्या कुठल्या दवाखान्यांत आगी लागल्या, माणसं गेली, पेपरात फोटो आले, आणि मग सगळीकडे तपासण्या कडक झाल्या. आमच्याकडेही खोलीखोलीच्या छताला वाटीएवढी पांढरी डबी बसली. स्मोक डिटेक्टर. धूर आला की भोंगा वाजणार, खाली पॅनेलवर लाल दिवा लागणार. बसवायला आलेल्या माणसाला मी तेव्हाच विचारलं होतं की बाबा, धुकं आणि धूर यातला फरक याला कळतो का. तो म्हणाला, एकदम सेन्सिटिव्ह आहे मॅडम. मी म्हटलं, तेच तर म्हणतेय मी. तो हसला. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे असेच हसतात.

जून लागला आणि भोंगा दिवसातून तीन-तीनदा बोंबलायला लागला. पहिल्या वेळी आम्ही खरंच सगळे पेशंट खाली उतरवले. नातेवाइकांनी सलाइनच्या बाटल्या हातात धरलेल्या, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेली एक बाई खुर्चीसकट उचलून आणलेली, आणि सगळे पावसात उभे. वर जाऊन पाहिलं तर नुसतं धुकं. दुसऱ्या वेळी निम्मे उतरले. तिसऱ्या वेळी कुणी जागचं हललं नाही. एका हृदयाच्या पेशंटचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला, म्हणाला आजारानं नाही जाणार माझा बाप, या भोंग्यानं जाईल. त्याचं काही चुकत नव्हतं.

पॅनेल बंद करून पाहिलं, तर बंद का केलं म्हणून ते वेगळंच कोकलायला लागलं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. दवाखाना त्यांचाच. ते म्हणाले, तुमच्या पातळीवर काय होतंय ते बघा. मी लेखी मागितलं तर म्हणाले, एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला, सिस्टर. मी चिडले होते. माझं डोकं एकदा फिरलं की मला समोरचा माणूस दिसत नाही, आणि त्या दिवशी ते फिरलं होतं.

मी मावशीला हाक मारली. मावशी म्हणजे आमची वॉर्डातली आया. वराळ्याची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. मी म्हटलं, स्टूल आणा आणि या डबीला ग्लोव्ह घाला. तिनं ड्रेसिंगच्या खोलीतला रबरी ग्लोव्ह आणला, ताणून डबीवर चढवला. तो गच्च बसला. बोटं खाली लोंबायला लागली. गाईच्या आचळासारखी दिसतात म्हणून मावशी हसली, आणि मीही हसले. त्या दिवशी दुपारपर्यंत तिनं सगळ्या मजल्यांवरच्या डब्यांना ग्लोव्हज घातले. भोंगा गप्प झाला. पेशंट झोपले. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

मग तो रिवाजच पडला. जूनमध्ये घालायचे, पाऊस सरला की काढायचे. वर्षातून दोनदा तपासणीची माणसं यायची, ती आधी फोन करायची. जुलैच्या फेरीला मावशी सकाळी स्टूल घेऊन ग्लोव्हज काढत फिरायची, माणसं काठीच्या टोकाला डबा लावून प्रत्येक डिटेक्टरवर खोटा धूर सोडायची, दिवे लागायचे, सही-शिक्का व्हायचा. ती फाटकाबाहेर पडली की मावशी पुन्हा स्टुलावर. वॉर्डातल्या पोरींपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. डोळ्यांवर कातडं ओढायला कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

ऑगस्टमधली ती दुपार जेवणानंतरची. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला चादरी-कपड्यांची खोली आहे. तिथली भिंत पावसाळाभर पाझरते. भिंतीतल्या विजेच्या बोर्डात पाणी गेलं आणि ठिणगी खालच्या दमट चादरींच्या गठ्ठ्यात पडली. हे नंतर कळलं. ओल्या कापडाला भडका उठत नाही, ते आतल्या आत धुमसतं. मी तेव्हा त्याच मजल्यावर होते. टोकाकडची बाजू पांढरी दिसली. नुकतीच फिनेलनं लादी पुसलेली, दुसरा कसलाच वास येत नव्हता. मला वाटलं, शिरलं मेलं धुकं. मी चालत गेले आणि तिकडची खिडकी लावून घेतली.

खिडकी लावून मी खाली औषधांचा हिशेब बघायला गेले. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही, चौकशीतही सांगता आलं नाही. वरून मावशीची हाक आली. मी जिना चढले तर समोरचं काही दिसेना आणि घशात जळक्या कापडाचा धूर बसला. टोकाच्या खोलीत दम्याच्या एक आजी होत्या, पवना धरणाकडच्या. आम्ही बाकीच्यांना उतरवेपर्यंत मावशी तोंडाला ओला पदर बांधून आत गेली आणि त्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरली. वॉर्डबॉय पोरांनी आगीचे लाल सिलिंडर मारून आग विझवली. आग अशी नव्हतीच मोठी. एक खोली काळी झाली, एवढंच.

आजी चौथ्या दिवशी गेल्या. त्यांचा मुलगा मला म्हणाला, सिस्टर, आगीच्या दुसऱ्याच दिवशी घरी सोडणार होता ना तुम्ही. मी हो म्हटलं. तो गेल्यावर मी राउंड घेतला, सात नंबरचं ड्रेसिंग केलं, डबा खाल्ला. रडू आलं नाही. अजूनही येत नाही. पहिल्यांदा वाटलं धक्का आहे, ओसरेल. ओसरायला आत काही असावं लागतं. बधिर केलेल्या जागी सुई टोचली की काहीतरी होतंय एवढंच पेशंटला कळतं, तसं माझं तेव्हापासून आहे.

चौकशी लागली. ठिणगी ओल्या भिंतीनं टाकली, त्याला कोण काय करणार. प्रश्न एकच उरला होता, भोंगा का वाजला नाही. आणि त्याचं उत्तर सगळ्या मजल्याच्या छताला लोंबत होतं. गडबडीत ते काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. जबाबाच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमचं नाव आलं तर तुमचं रजिस्ट्रेशन जाईल, मग बोट माझ्याकडे येईल, दवाखाना बंद पडेल, इतक्या लोकांच्या चुली विझतील. आया काय, तिला दुसरीकडे काम मिळेल. मी विचारलं, म्हणजे मी काय म्हणू? ते म्हणाले, तुम्ही काहीच म्हणू नका. पडत्या फळाची आज्ञा. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडे चौकशीचे तिघे बसले होते. मी बाजूला फाइल घेऊन उभी. मावशीला आत बोलावलं, बस म्हणाले, ती बसली नाही. हे ग्लोव्हज कुणी घातले, असं त्यांनी विचारलं.

"मीच घातलं," मावशी म्हणाली.

कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारलं. मी हातातल्या फाइलकडे बघत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं की नाही हे मला माहीत नाही, कारण मी मान वर केलीच नाही.

"कुनाच्या न्हाई. त्ये लय वरडायचं, पेशंटाला तरास व्हायचा. म्हनून घातलं."

त्यांनी लिहून घेतलं, खाली अंगठा नको, तिची सही घ्या म्हणाले, तिनं एकेक अक्षर काढत सही केली. त्याच संध्याकाळी तिला कामावरून कमी केलं. मला तोंड उघडायला जागा होती, वेळ होता, कुणी तोंड दाबलं नव्हतं. मी उघडलं नाही.

मग वरातीमागून घोडं म्हणतात तसं सगळं झालं. धुक्याला न भुलणारे डिटेक्टर आले. आता ते वाजत नाहीत. दर महिन्याला आगीची कवायत होते, मी पुढं उभी राहून पोरींना सिलिंडरची पिन कशी ओढायची ते शिकवते. चांगलं शिकवते. पोरी म्हणतात, सिस्टर, तुम्ही अलीकडे ओरडत नाही.

महिन्या-दीड महिन्यानं मावशी आली. दवाखान्यात नाही, घोरावाडी स्टेशनवर, माझ्या यायच्या वेळेला बाकावर बसून राहिली होती. वाळली होती. चार दवाखान्यांत विचारून आले, म्हणाली, या वयात दाखल्याबिगर कुणी दारात उभं करत नाही. वराळ्याजवळ नवा दवाखाना झालाय, तिथं जागा आहे. इन्चार्ज सिस्टरचं पत्र आणा म्हणाले. मी तिला घरी नेलं, चहा केला. ती नवऱ्याचं सांगत होती. पाठीला जखमा झाल्यात, औषध संपलंय. मी हं हं करत होते.

दवाखान्याची लेटरहेडं आणि माझा शिक्का नेहमी पर्समध्येच असतात. मग मी एक लेटरहेड घेऊन बसले आणि हात आपोआप चालायला लागला. मी लिहिलं की छताच्या डब्यांना ग्लोव्हज माझ्या हुकमावरून घातले होते, या बाईंचा त्यात काही दोष नाही, आगीत आत शिरून पेशंटला त्यांनीच बाहेर आणलं, आणि चौकशीत मी गप्प बसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला कुठंतरी काही हलल्यासारखं वाटलं. मी तिला ते वाचून दाखवलं. मला वाटलं, ती रडेल. खरं तर मला हवं होतं की तिनं रडावं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला.

"ह्यानं मला काम मिळंल का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, बहुतेक नाही मिळणार.

"मंग ह्ये कुनासाटी लिवलं?"

मी म्हटलं, मावशी, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? इतके दिवस मी मनाशी धरून चालले होते की माझ्यावरच्या मायेपोटी तिनं ते अंगावर घेतलं. वॉर्डात इतकी वर्षं बरोबर काढली, एका डब्यातलं खाल्लं. रात्री झोप आली नाही की मी तेवढंच आठवायची.

"तुमचं नाव घेतलं असतं तर दोगीबी गेलो असतो," ती म्हणाली. "तुमी खुर्चीवर ऱ्हायला तर तुमच्या सहीला किंमत ऱ्हाईल. मला पत्र कोन दिलं असतं? त्याच येळंला इचार केलता म्या. त्ये फाडा आन साधं लिवा. लादी चांगली पुसती, पेशंटाला उलट बोलत न्हाई, खाडा करत न्हाई. यवढंच."

मी ते फाडलं. दुसरा कागद घेतला आणि तिनं सांगितलं तेवढंच लिहिलं, तीन ओळी. सही केली. ती उठून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"शिक्का मारा," ती म्हणाली. "बिगर शिक्क्याचं कुनी बगत न्हाई."

मी पर्समधून शिक्का काढला आणि मारला.